पोटात ठेवणारं माणूस: मंडळीत खरी मैत्री कशी जोडावी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या ख्रिस्ती माणसाला ओळखींची कमतरता नाही. लंडन मिशनरी सोसायटीचं काम बेळगावात १८२० साली सुरू झालं, सेंट पॉल्स हायस्कूल १८५६ मध्ये उघडलं, कॅथलिकांचा बेळगाव धर्मप्रांत १९५३ मध्ये झाला. एवढ्या काळात घराघरांत सोयरिकी झाल्यात. बेळगावच्या कॅम्पातल्या कुणाचं नाव काढा, खानापुरात कुणीतरी म्हणतंच, "तो होय, आमच्या मावशीच्या दिराचा जावई की!" नाताळात करंज्यांची ताटं गल्लीभर फिरतात, मयताला बघता बघता अख्खी मंडळी, म्हणजे चर्चचे सगळे सभासद, गोळा होते.

आणि तरी मुलगा पी.यू.सी.ला (बारावीला) दुसऱ्यांदा नापास झाला, धंद्यातली उधारी अंगावर आली, नवरा-बायकोत बोलणं बंद झालं, की हे जाऊन सांगावं कुणाला हा प्रश्न पडतोच. सगळे एकमेकांचे कुणी ना कुणी लागतात. रविवारी एकाच्या कानावर घातलेलं बुधवारी तिखटमीठ लावून तिसऱ्याच्या तोंडून परत येतं. माझ्या मते आपल्याकडची मैत्री अडते ती इथं, भरवशापाशी. पुढं जे लिहितोय ते सगळं भरवसा कसा बांधायचा याबद्दलच आहे. उपासनेला जाणाऱ्या प्रॉटेस्टंटांनाही ते लागू आहे आणि मिस्साला जाणाऱ्या कॅथलिकांनाही.

आधी एक शंका बाजूला करू

"प्रभू आहे ना, मग माणूस कशाला?" असं म्हणणारे भाविक आपल्यात बरेच आहेत. त्यांनी गेथशेमाने बागेचा प्रसंग पुन्हा वाचावा. प्रभूभोवती लोकांची गर्दी होती, पाठवलेले बहात्तर होते, बारा शिष्य होते. त्या रात्री त्यानं बारांतल्या तिघांना जवळ नेलं, आपला जीव किती व्याकूळ झालाय ते त्यांना सांगितलं आणि जागं राहायला विनवलं. ते तिघं झोपले, ती गोष्ट वेगळी. पण त्यानं मागितलं. आणि त्याच रात्री, योहानाच्या १५ व्या अध्यायात, तो शिष्यांना दास न म्हणता मित्र म्हणतो. का, तर पित्याकडून जे ऐकलं ते सगळं त्यांना सांगितलं म्हणून. म्हणजे आतलं सांगणं हीच तिथं मैत्रीची खूण धरलीय.

दुसरी जोडी दावीद-योनाथानाची. त्यांच्या मैत्रीवर प्रवचनं भरपूर होतात, पण ती बहुतेक झगा, तलवार आणि धनुष्य देण्यावर थांबतात. मला त्याहून १ शमुवेल २३ मधला छोटा प्रसंग मोलाचा वाटतो. दावीद रानात लपलाय, राजा शौल त्याच्या जिवावर उठलाय. शौलाचाच मुलगा योनाथान उठून त्या रानात जातो, देवाच्या ठायी त्याचा हात बळकट करतो आणि घरी परततो. तीन ओव्यांत संपतं सगळं. संकट होतं तसंच राहिलं, शौल मागं लागलेलाच राहिला. योनाथान फक्त गेला, बोलला आणि आला. मैत्रीचं काम किती मोठं आणि किती लहान असतं याचा अंदाज त्यावरून घ्यावा.

माणूस कसा निवडायचा

एक कागद घ्या आणि मंडळीतल्या, शेजारातल्या, कामावरच्या ज्या माणसांशी बोलायला बरं वाटतं त्यांची नावं लिहा. दहा-बारा होतील. आता त्यातून जवळचे नातेवाईक बाजूला काढा. ते वाईट असतात असं अजिबात नाही, पण तुमच्या चुलत भावाला तुमच्याबरोबरच तुमच्या आईचं, काकाचं, मेव्हण्याचंही मन राखायचं असतं. त्याला गप्प बसायला सांगणं म्हणजे त्याला पेचात टाकणं. मग ज्यांचे पैसे तुम्ही देणं लागता किंवा जे तुमचं देणं लागतात तेही काढा. पाळकांचं किंवा फादरांचं नावही यादीतून उतरवा. ते सगळ्यांचे असतात. त्यांच्याकडे जरूर जा, पण मित्र वेगळा हवा.

उरतील ती तीन-चार नावं. त्यांच्याबद्दल एकच गोष्ट आठवून बघा. समोर नसलेल्या माणसांविषयी हा माणूस तुमच्याशी कसं बोलतो? "तुला म्हणून सांगतो, कुणाला सांगू नकोस" असं म्हणून जो दुसऱ्याच्या घरातलं तुम्हाला सांगतो, तो तुमच्या घरातलंही कुणालातरी त्याच वाक्यानं सांगणार. हा नियम मी अजून चुकलेला पाहिला नाही. पुढं आणखी खात्री हवी असेल तर स्वतःची एखादी लहानशी गोष्ट, बाहेर गेली तरी बिघडणार नाही अशी, त्याला सांगा आणि महिनाभर थांबा. हे जरा चाणाक्षपणाचं वाटेल. पण सापासारखे चतुर आणि कबुतरासारखे निरुपद्रवी व्हा हे प्रभूनंच सांगितलंय, आणि आपण बहुधा त्यातलं कबुतरच लक्षात ठेवतो.

यादीत एकही नाव उरलं नाही तर निराश होऊ नका. अशा वेळी नव्यानं आलेल्यांकडे बघा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत दुसऱ्या जिल्ह्यातून कामाला आलेला पोरगा, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या सेंटरमध्ये बदली होऊन आलेल्या जवानाची बायको, व्ही.टी.यू. या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात शिकणारी मुलगी, केरळहून आलेली नर्स. हे लोक उपासनेला मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद झाला की निघून जातात, कारण थांबून कुणाशी बोलायचं हे त्यांना ठाऊक नसतं. आपल्या सोयरिकींच्या जाळ्यात ते नसतात, म्हणूनच त्यांच्यापाशी मन मोकळं करणं सोपं जातं. आणि त्यांना तर माणसाची गरज असतेच.

वयाचाही बाऊ करू नये. रूथ आणि नामी यांच्यात एका पिढीचं अंतर होतं, पौल आणि तीमथ्य यांच्यातही. साठीतल्या विधवा बाई आणि पंचविशीतली नवी सून यांची मैत्री मी फुललेली पाहिलीय, आणि दोघींच्या समवयस्क मैत्रिणींना त्याचा हेवा वाटलेलाही पाहिलाय.

सुरुवातीचे महिने: घरी पाहुणे म्हणून जाऊ नका

मैत्री वाढवायची म्हणजे घरी बोलवायचं, ही आपली पहिली कल्पना. आता आपल्या घरी पाहुणा आला की काय होतं ते डोळ्यांपुढं आणा. वडील खुर्चीत सरसावून बसतात, टी.व्ही.चा आवाज कमी होतो पण बंद होत नाही. आतून पोहे येतात, मग चहा, मग "घ्या की, एवढंसं काय खाल्लं" म्हणून परत पोहे. धाकट्याला संडे स्कूलचं गाणं म्हणायला उभं करतात. तासाभरानं प्रार्थना होते आणि पाहुणा निघतो. सगळ्यांशी बोलणं झालं, पण ज्याच्यासाठी आला होता त्याच्याशी दोन वाक्यंही झाली नाहीत.

त्याऐवजी काहीतरी काम किंवा चालणं जोडून घ्या. टिळकवाडीत राहत असाल तर व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी चाला. माणसं समोरासमोर बसली की अवघडतात. शेजारी शेजारी चालताना नजर पुढं असते आणि जीभ आपोआप सुटते. खानापूरकडचे असाल तर जुलैत रोप लावणीला एकमेकांच्या शेतावर जा. चिखलात वाकून दिवसभर राबल्यावर बांधावर भाकरी खाताना जे बोलणं होतं, ते ड्रॉइंगरूममध्ये होत नाही. नाताळात गोठा उभारणं, चर्चच्या सतरंज्या झटकणं, मयताच्या घरी रात्र काढणं, ही सगळी मैत्रीची कामं आहेत.

बायकांसाठी ही वाट अवघड असते हे मान्य आहे. "मैत्रिणीला भेटून येते" हे कारण अनेक घरांत चालत नाही. पण महिला मंडळाच्या बैठकीला अर्धा तास आधी निघणं जमतं. शिवाय जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना सरकारी साध्या बसने राज्यात फुकट जाता येतं. म्हणजे खानापूरच्या मैत्रिणीला बेळगावला यायला तिकिटाचे पैसे मागावे लागत नाहीत. ओळखपत्र तेवढं पर्समध्ये ठेवावं. कोल्हापूरच्या मैत्रिणीकडे जायचं असेल तर मात्र सीमा आडवी येते आणि तिकीट काढावं लागतं.

महत्त्वाचं असं की वेळ ठरलेली असावी. "भेटूया एकदा" या वाक्यानं आजवर कुणीही कुणाला भेटलेलं नाही. दर दुसऱ्या शनिवारी सकाळी, किंवा दर गुरुवारी संध्याकाळच्या भाजीबाजारानंतर, असं पक्कं ठरवा. चुकलं तर रुसायचं नाही, पुढच्या वेळी भेटायचं. अति करायचंही कारण नाही. शेजाऱ्याच्या घरी वारंवार पाय टाकू नये, तो कंटाळेल, हे नीतिसूत्रे २५ मध्येच लिहिलंय. त्याच पुस्तकाच्या २७ व्या अध्यायात भल्या पहाटे उठून मोठ्यानं दिलेला आशीर्वाद शापासारखा वाटतो असंही आहे. पहाटे पाचला गुलाबाच्या चित्रावर वचन टाकून सगळ्या ग्रुपांवर पाठवणाऱ्या बंधूंनी ते वचन अवश्य काढून बघावं.

बोलणं खोल कसं न्यायचं

"सगळं ठीक ना?" या प्रश्नाला आपल्याकडे एकच उत्तर आहे, "प्रभूच्या कृपेनं बरं आहे." ते खोटं नसतं, पण त्यानं दार बंद होतं. म्हणून प्रश्न बदला. "या आठवड्यात जड काय गेलं?" "झोप लागतीय का नीट?" "मागच्या वेळी भावाचं बोलला होतास, पुढं काय झालं?" या शेवटच्या प्रश्नाची ताकद मोठी आहे, कारण तुम्ही ऐकलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं हे समोरच्याला कळतं.

त्याआधी स्वतःचं थोडं सांगा. एकानं सगळं उघडं करायचं आणि दुसऱ्यानं मान डोलवत सल्ले द्यायचे, याला समुपदेशन म्हणतात. मैत्रीत देवाणघेवाण लागते.

समोरचा बोलायला लागला की आपण काय करायचं? ईयोबाचे तीन मित्र बघा. त्याची अवस्था पाहून ते सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तोवर ते उत्तम मित्र होते. मग त्यांनी तोंड उघडलं, त्याच्या दुःखाची कारणं शोधायला लागले, आणि शेवटी ४२ व्या अध्यायात देव त्यांच्यावर रागावला. आपणही तेच करतो. कुणाची नोकरी गेली की "तुझी प्रार्थना कमी पडत असेल," गर्भ पडला की "देवाची योजना असेल." या वाक्यांनी सांत्वन होत नाही, माणूस पुन्हा सांगायचा बंद होतो. "वाईट झालं रे" एवढं पुरतं. आणि चहा पाजावा.

"प्रार्थनेचा विषय" नावाची गळती

हा भाग थोडा लांबतोय, कारण आपल्या मंडळ्यांत मैत्री इथंच मरते.

घरगुती प्रार्थनेचं चित्र तुम्हाला पाठ आहे. सतरंजीवर बायका, खुर्च्यांवर वयस्कर, दाराशी चपलांचा ढीग. दोन भजनं झाली, वचन झालं, मग "कुणाचे प्रार्थनेचे विषय?" कुणाला गुडघेदुखी, कुणाच्या मुलाची परीक्षा. मग एक भगिनी खालच्या आवाजात म्हणते, "आपल्या त्या बहिणीसाठी प्रार्थना करूया, तिच्या घरात जरा... नवऱ्याचं पिणं वाढलंय म्हणे." सगळे "अरेरे" म्हणतात, डोळे मिटतात. प्रार्थना मनापासून होते यात शंका नाही. पण जिच्यासाठी झाली ती तिथं नसते, तिला कुणी विचारलेलंही नसतं. चार दिवसांनी दळण आणायला गेल्यावर गिरणीवाल्याची बायको तिलाच विचारते, "काय गं, घरी सगळं बरं ना आता?"

त्या भगिनीनं मुद्दाम चहाडी केली असं मी म्हणणार नाही. तिला काळजीच वाटली असेल. पण दुसऱ्याचं गुपित देवाच्या नावानं वाटलं तरी ते वाटणंच झालं. ऐकलेलं प्रकरण झाकून ठेवणारा प्रेम वाढवतो आणि ते पुन्हा पुन्हा उकरणारा जिवलगांत फूट पाडतो, असं नीतिसूत्रे १७ म्हणतं.

मित्राशी म्हणून हे उघड ठरवून टाका. त्यानं काही आतलं सांगितलं की निघताना विचारा, "हे कुठवर?" उत्तरं तीन असू शकतात: फक्त आपल्या दोघांत, घरी बायकोला सांगितलं तर चालेल, किंवा प्रार्थनेत नाव घेतलं तरी चालेल. तो जे म्हणेल ते शेवटचं. पहिल्यांदा विचारताना अवघडल्यासारखं होतं, मग सवय होते. नवरा-बायकोत गुपित नको असं मानणाऱ्यांनी ते मित्राला आधीच सांगावं, म्हणजे काय बोलायचं ते तो ठरवील. सभेत दुसऱ्याविषयी सांगायचंच असेल तर "एका कुटुंबाची अडचण आहे" एवढं बास. देवाला नाव-पत्ता लागत नाही. आणि कुणी खोदून विचारलं तर "त्यांनाच विचारा की" म्हणून विषय बदलावा.

याला एक अपवाद आहे आणि तो पक्का लक्षात ठेवावा. मित्र जिवाचं बरंवाईट करण्याबद्दल बोलला, घरात मारहाण होते म्हणाला, किंवा लहान मुलावर अत्याचार होतोय असं कळलं, तर गुपित राखायचं नाही. "हे माझ्या एकट्याच्यानं होणार नाही, मी तुझ्याबरोबर येतो" असं सांगून मदत आणा. मानसिक त्रासासाठी टेली मानसचा सरकारी नंबर १४४१६ आहे, बायकांसाठी १८१ आणि मुलांसाठी १०९८. त्या रात्री त्याला एकटं सोडू नका. नुसती प्रार्थना करून घरी जाऊ नका.

दोघांनी प्रार्थना कशी करावी

सभेत दहा मिनिटं मोठ्या आवाजात प्रार्थना करणारेही एका मित्रासमोर गप्प होतात. तिथं शब्दांचा साज चालत नाही ना! म्हणून सोपी रीत सांगतो. आधी थोडा वेळ काहीच बोलू नका. मग एखादं लहान स्तोत्र वाचा. १३ वं घ्या. सहाच ओव्यांचं आहे आणि "किती वेळ?" या तक्रारीनं सुरू होतं. मन अंधारलेलं असेल तर ८८ वं, त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मग प्रत्येकानं दुसऱ्यासाठी तीन-चार वाक्यं, आपण घरात बोलतो त्या मराठीत. "हे प्रभू, याचा लोन मंजूर होऊ दे, आणि नाही झाला तर याला धीर दे." पुरे. दोघांतला एक कन्नड बोलणारा असेल तर त्यानं कन्नडमध्ये करावी, तुम्ही मराठीत. सगळे शब्द कळले नाहीत तरी आमेन म्हणता येतं.

एकमेकांजवळ पाप कबूल करा असं याकोब ५ मध्ये आहे. ते जमायला वर्ष-दोन वर्षं लागतात, घाई नको. कॅथलिक वाचकांना वेगळं सांगायला नको की मित्रापाशी बोलणं म्हणजे पापनिवेदनाचा संस्कार नव्हे. पण फादरांकडे जायचं धैर्य पुष्कळदा मित्रापाशी बोलल्यावरच येतं.

पैसा आणि जामीन

आपल्याकडच्या किती मैत्र्या पतसंस्थेच्या फॉर्मवर संपल्या याची गणती नाही. कर्जाला दोन जामीनदार लागतात आणि पहिली आठवण मंडळीतल्या भावाची होते. "फक्त सही की रे, हप्ता मीच भरणार."

तर सही म्हणजे काय हे आधी समजून घ्या. भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कर्जदारानं हप्ते थकवले तर संस्थेनं आधी त्याच्याच मागं लागावं असं बंधन नाही, ती थेट तुमच्याकडे येऊ शकते. बायबलही याबाबतीत कमालीचं रोखठोक आहे. नीतिसूत्रांत शेजाऱ्याला जामीन राहण्याविरुद्ध पुन्हा पुन्हा इशारे आहेत. सहाव्या अध्यायात तर अशा फासात अडकलास तर झोपूही नकोस, पारध्याच्या हातून सुटणाऱ्या हरिणासारखा सुटून ये असं सांगितलंय. २२ व्या अध्यायात अंगाखालचं अंथरूणसुद्धा जाईल अशी ताकीद आहे. प्रवचनात मी हे क्वचितच ऐकतो. कदाचित समोर बसलेल्यांतले निम्मे एकमेकांचे जामीनदार असतात म्हणून असेल.

माझा सल्ला असा. मित्राला जामीन राहायचंच असेल तर ती रक्कम स्वतःला फेडावी लागली तरी घर चालेल आणि मैत्री टिकेल, एवढीच असेल तेव्हा राहा, आणि घरच्यांना सांगून राहा. नाही तर नाही म्हणा, पण त्याच दिवशी आणि तोंडावर. "बघतो, सांगतो" म्हणून पंधरा दिवस फोन न उचलणं हे नकारापेक्षा वाईट. असं म्हणता येईल: "जामीन मी कुणालाच राहत नाही, तुलाही नाही. पण पोरीच्या फीचे पाच हजार आत्ता देतो, ते परत देऊ नकोस." हातउसनं देतानाही हाच हिशेब. जेवढे विसरता येतील तेवढेच द्या. त्याहून जास्त द्यायचे तर तारीख घालून कागदावर लिहून घ्या. मित्राकडून कागद घेणं अपमानाचं वाटतं, पण तोच कागद पुढं तुम्हा दोघांना रस्त्यात एकमेकांना बघून गल्ली बदलण्यापासून वाचवतो.

गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात एकमेकांची ओझी वाहा असं आहे, आणि तीनच ओव्यांनंतर प्रत्येकानं आपला भार वाहावा असंही आहे. दोन्ही खरं. दवाखान्याचा डबा पोचवणं, रात्री रुग्णाजवळ बसणं, मुलं सांभाळणं, ही ओझी आनंदानं घ्यावीत. दुसऱ्याच्या उधळपट्टीचा हप्ता हा त्याचा भार.

बिनसलं तर

बिनसणारच. मंडळीची निवडणूक, चर्चच्या जागेचा वाद, पाळकांच्या बदलीवरून पडलेले दोन गट, मुलीला नाकारलेलं स्थळ, कारणांना तोटा नाही. मत्तय १८ मधली पायरी साधी आहे: आधी एकट्यानं, त्याच्याकडे जा. आपण नेमकं उलट करतो. आधी बायकोला सांगतो, मग दोन ज्येष्ठांना, मग ग्रुपवर एक वचन टाकतो, नाव न घेता, पण ज्याला लागायचं त्याला लागेल असं. आणि त्याच्याकडे शेवटी, कधीकधी कधीच नाही.

जाताना फोनवर एवढंच म्हणा, "जरा बोलायचंय, उद्या येतोस का चालायला?" कारण फोनवर उलगडू नका. भेटल्यावर झालेली गोष्ट सांगा, त्याचा स्वभाव सांगू नका. "त्या दिवशी मीटिंगमध्ये तू माझं ऐकून न घेता उठलास, ते मला लागलं" हे ठीक. "तू पहिल्यापासून असाच आहेस" म्हटलं की संपलं. मग गप्प बसून त्याचं ऐका, कारण त्याच्याकडेही यादी असते. प्रभुभोजनाच्या रविवारच्या आधी हे झालं तर उत्तम. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करायला जा हे मत्तय ५ मध्ये आहे, आणि आपण बरोबर त्याच रविवारी त्याच्यापासून चार बाकं दूर बसतो.

सगळं जुळेलच असं नाही. पौल आणि बर्णबा यांचं मार्क नावाच्या सोबत्यावरून एवढं बिनसलं की दोघांनी दोन वाटा धरल्या. प्रेषितांची कृत्ये ते लपवत नाही. पुढं वयोवृद्ध पौल तुरुंगातून लिहितो, मार्काला घेऊन ये, तो सेवेत माझ्या उपयोगाचा आहे. मधे वर्षं गेली होती. तेव्हा तुटलेल्या मैत्रीबद्दल वाईट बोलणं बंद ठेवावं, दार आपोआप उघडं राहतं.

भाषा, सीमा आणि इतर धर्मातले मित्र

१९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून १ नोव्हेंबरला इथं एका बाजूला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषिकांचा काळा दिन असतो. मंडळीतही दोन्हीकडचे लोक असतात. तुमचं सीमाप्रश्नावर जे मत असेल ते असू द्या, मित्रासमोर सांगा देखील. पण त्या आठवड्यात कुणाच्या भाषेची टिंगल करणारं काही पुढं पाठवू नका, आणि त्याच्याकडून चुकून आलं तर तोडून टाकू नका. शक्य असेल तर दोन-चार वाक्यं कन्नड शिका. "ऊट आयता?" एवढं विचारलं तरी समोरचा खुलतो. तोही मग "जेवलास काय गा?" म्हणतो.

हिंदू, लिंगायत, जैन, मुसलमान मित्रांबद्दल एकच सांगायचंय. मैत्रीला गळ बनवू नका. धर्मांतरविरोधी विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये विधानसभेत संमत झालं ते इथल्याच सुवर्ण विधानसौधात. तेव्हापासून ख्रिस्ती शेजारी घरी प्रार्थनेला बोलावतो म्हटलं तरी काहींच्या कपाळावर आठी पडते. पण कायद्याच्या भीतीनं नव्हे, मैत्रीच्या मानानं हे सांगतोय. आपल्याला "पोचण्यासाठी" कुणी मित्र केलंय हे माणसाला कळतं आणि ते अपमानाचं असतं. त्यानं विश्वासाबद्दल विचारलं तर मोकळेपणानं सांगा, नाही विचारलं तरी मित्र राहा. त्याच्याकडे गणपतीला गेल्यावर प्रसादाचं काय करायचं हे ज्याच्या त्याच्या विवेकानं ठरवावं. घेत नसाल तर ताट समोर आल्यावर तोंड फिरवू नका, आधीच सांगून ठेवा. चांगला मित्र तुमच्यासाठी वेगळा चहा ठेवतो.

लांब गेलेले

पुण्याला, बंगळूरला, आखाती देशांत गेलेली पोरं दर घरात एक तरी आहे. त्यांची मैत्री वाढदिवसाच्या स्टेटसवर येऊन थांबते. पौलाचं दुसरं तीमथ्य पत्र या बाबतीत फार माणसाळलेलं आहे. थंडीच्या आधी ये म्हणतो, त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण म्हणतो, पुस्तकं आण, चर्मपत्रं तर आणच म्हणतो. त्याच पत्रात अनेसिफराची आठवण आहे. रोममध्ये येऊन त्यानं पौलाला शोध शोध शोधून काढलं आणि त्याच्या बेड्यांची लाज बाळगली नाही. मित्राकडे काहीतरी मागावं, हे त्यातून मी घेतलं. येताना अमुक घेऊन ये, आईला दवाखान्यात नेऊन आण, अमुक कागद तहसील कचेरीतून काढून दे. मागितल्यावर समोरच्याला वाटतं की आपली अजून जागा आहे.

ठरलेल्या वेळी फोन करा, दुबईचा सुट्टीचा दिवस कुठला ते विचारून. फोनवर दहा मिनिटं बोला आणि दोन मिनिटं प्रार्थना करा, व्हॉइस मेसेजवरही चालते. गावी यायची तारीख ठरली की मित्राला वेगळं कळवा. नाताळच्या दोन दिवसांत भेट होत नाही, तेव्हा माणूस पाहुण्यांचा असतो. २७ ते ३० डिसेंबरमधली एक सकाळ आधीच मागून ठेवा, आणि घरी सांगा की त्या दिवशी नाश्त्याला वाट बघू नका.